गळणारा रिलीफ व्हॉल्व्ह बंद करू नका: व्यावसायिक स्वयंपाकघरातील उलटा प्रवाह आणि नळदुरुस्ती

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वयंपाकघरात येणाऱ्या पाण्याच्या मुख्य नळीवर दाब कमी ठेवणाऱ्या मधल्या कप्प्याचा, म्हणजे ज्याला कामावर सगळे ‘आरपीझेड’ म्हणतात तो बॅकफ्लो प्रतिबंधक (पाणी उलटे वाहू न देणारे साधन) बसवलेला आहे. गेले काही आठवडे त्याच्या तळाच्या भोकातून पाणी टपकत आहे आणि ते भोक प्लग लावून बंद करावे, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. दुसरी तक्रार अशी की भांडी धुण्याच्या गर्दीत फ्लोअर सिंकमधून (फरशीत बसवलेल्या निचऱ्याच्या कुंडीतून) घाण पाणी वर येते, आणि बर्फाच्या यंत्राची निचऱ्याची नळी त्याच फ्लोअर सिंकमध्ये खोलवर सोडलेली आहे. यातले आधी काय हाती घ्यावे, असे आपण विचारले आहे.

आधी बर्फाच्या यंत्राची नळी. हे काम आजच्या आज करावे, त्यासाठी प्लंबरची वाट पाहू नये. आरपीझेडमधून टपकणारे पाणी आपल्याला त्रास देत असले तरी ते बाहेर पडते आहे. फ्लोअर सिंकमधले पाणी मात्र वर चढले की थेट बर्फाच्या पेटीकडे जाण्याची वाट त्या नळीने मोकळी करून ठेवली आहे. नळीचे तोंड फ्लोअर सिंकच्या काठाच्या वर आणावे आणि मध्ये उघडी हवा ठेवावी. हे अंतर नळीच्या आतल्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावे. नळी क्लॅम्पने भिंतीला किंवा यंत्राच्या पायाला पक्की करावी, कारण ती सैल राहिली तर कोणीतरी पुन्हा खाली ढकलतेच. कामगार हे खोडसाळपणाने करत नाहीत. पाण्याचे शिंतोडे उडतात, फरशी ओली होते, कोणी घसरते, म्हणून ते नळी आत खोचतात. त्यामुळे शिंतोड्यांवर उपाय केला तरच हवेचे अंतर टिकते: खोल फ्लोअर सिंक, किंवा काठाभोवती उंच पत्रा, ज्याच्या आत अंतर तसेच राहील पण पाणी बाहेर उडणार नाही. घाण पाणी आधीच नळीच्या तोंडाला लागून गेले असेल, आणि आपल्या वर्णनावरून तसे झाले असणार असे मला वाटते, तर पेटीतला सगळा बर्फ टाकून द्यावा, पेटी व निचऱ्याची नळी धुऊन निर्जंतुक करावी आणि मगच यंत्र पुन्हा सुरू करावे.

आता पाणी उलटे कसे वाहते ते सांगतो, कारण ते नीट समजल्याशिवाय आरपीझेडचे टपकणे म्हणजे केवळ बिघाड वाटत राहील. नळीतले पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. ते शुद्ध आहे की घाण, हे नळीला कळत नाही. बाहेरची जलवाहिनी फुटली, आग विझवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पाणी उपसले गेले किंवा खालच्या मजल्यावर दुरुस्तीसाठी नळी उघडली, की पुरवठ्याचा दाब हवेच्या दाबाखाली जाऊ शकतो. मग ज्या ज्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले आहे तिथून पाणी मागे खेचले जाते. हवेचा दाब पाण्याचा साधारण १० मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो, म्हणून ‘आमचे सिंक इतके खाली आहे, तिथून पाणी वर कसे चढेल’ हा युक्तिवाद टिकत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट आहे. पुरवठ्याचा दाब नेहमीसारखाच असतो, पण आपल्याच एखाद्या यंत्रातला दाब त्याहून जास्त होतो: वाफेचा बॉयलर, पंप किंवा कार्बन डायऑक्साइडची टाकी. पहिल्यात पाणी ओढले जाते, दुसऱ्यात ढकलले जाते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाजारातली काही साधने फक्त पहिला प्रकार रोखतात.

नव्या मुलांना शिकवताना मी लाकडी फळीवर बसवलेली एक छोटी नळजोडणी वापरतो. वरच्या नळाला पारदर्शक नळी लावतो, तिचे टोक टेबलावरच्या लाल रंगाच्या पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि नळ उघडा ठेवतो. मग पुरवठ्याचा कॉक बंद करून जमिनीलगतचा दुसरा नळ उघडतो. क्षणभर काहीच होत नाही. नंतर लाल रेघ पारदर्शक नळीतून सावकाश वर सरकू लागते, वरच्या नळाच्या आत दिसेनाशी होते आणि थोड्या वेळाने खालच्या नळातून गुलाबी पाणी येते. त्यानंतर नळीचे टोक बादलीतल्या पाण्यापासून दोन बोटे वर धरून तेच सगळे पुन्हा करतो, तेव्हा नळी फक्त हवा ओढते आणि लाल थेंबही हलत नाही. हे एकदा पाहिलेला माणूस मॉप सिंकमधली (फरशी पुसण्याचे पाणी भरण्या-ओतण्याच्या सिंकमधली) रबरी नळी बादलीत बुडालेली दिसली, तर उचलल्याशिवाय पुढे जात नाही.

याचे गांभीर्य किती असू शकते हे १९३३ साली शिकागोत दिसले. दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, अमीबाजन्य हगवणीची साथ पसरली, सुमारे १,४०० जणांना लागण झाली आणि ९८ जण दगावले. तेव्हा दोष अन्न हाताळणाऱ्यांचा असावा असाच अनेकांचा पहिला समज होता.

आता आरपीझेडकडे वळू. त्याच्या आत एकामागोमाग एक असे स्प्रिंगचे दोन चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह) असतात आणि त्यांच्यामध्ये एक कप्पा असतो. पहिला चेक व्हॉल्व्ह पाण्याचा थोडा दाब खाऊन टाकतो, त्यामुळे मधल्या कप्प्यातला दाब आत येणाऱ्या पाण्यापेक्षा नेहमी कमी राहतो. कप्प्याच्या तळाशी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडून देणारा व्हॉल्व्ह, असतो. तो रबरी पडद्याच्या मदतीने दोन्हीकडचे दाब सतत तोलत असतो, आणि त्यांतला फरक १४ किलोपास्कल, म्हणजे २ पीएसआयपर्यंत उतरण्याआधी त्याने उघडलेच पाहिजे. तो उघडला की कप्प्यातले संशयित पाणी पुरवठ्याकडे न जाता जमिनीवर पडते. दोन्ही चेक व्हॉल्व्ह एकाच वेळी निकामी झाले तरी पिण्याचे पाणी वाचावे, यासाठीच ही रचना आहे. त्या तोंडाला प्लग लावला की या साधनाचे दोन साधे चेक व्हॉल्व्ह तेवढे उरतात, आणि तेही, आपल्या बाबतीत, ज्यातला एक बहुधा आधीच गळतो आहे असे. प्लग लावण्याचा सल्ला देणाऱ्याला हे साधन काय करते हेच माहीत नसावे, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते.

टपकणे नेमके कशामुळे आहे, हे साधन न उघडता बऱ्यापैकी ओळखता येते. आधी साधनाच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे साधनातून स्वयंपाकघराकडे पाणी जाते तिथला, कॉक बंद करून पाहावा. टपकणे थांबले तर दुसरा चेक व्हॉल्व्ह गळतो आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातून उलटा दाब येतो आहे. तेव्हा साधनाच्या दुरुस्तीबरोबरच तो दाब कुठून येतो याचाही शोध घ्यावा लागतो. थांबले नाही, तर बाहेरचा कॉक बंदच ठेवून साधनाच्या शेवटच्या चाचणी-कॉकमधून (चाचणीसाठी साधनावर बसवलेल्या छोट्या नळातून) थोडे पाणी वाहू द्यावे. प्रवाह सुरू होताच टपकणे बंद झाले, तर दोष पहिल्या चेक व्हॉल्व्हचा आहे. प्रवाह असतानाही ते चालूच राहिले, तर रिलीफ व्हॉल्व्हची सीट (जिच्यावर रबरी चकती टेकून पाणी अडते ती कडा), त्याचा पडदा किंवा त्याच्याकडे दाब नेणारी बारीक वाट तपासावी. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिलाच चेक व्हॉल्व्ह निघतो, आणि कारण अगदी क्षुल्लक असते: वाळूचा कण, गंजाची पापुद्री, किंवा नळीच्या आट्यांवरून सुटलेली टेफ्लॉन टेपची चिंधी. म्हणून टपकणे सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत त्या नळीवर काही काम झाले होते का, हे आठवून पाहावे.

सतत नव्हे तर मधूनच पचकन थोडे पाणी पडत असेल, तर साधन ठीक असण्याचीच शक्यता जास्त. आत येणाऱ्या दाबात चढउतार होतो किंवा भांडी धुण्याच्या यंत्रातला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह झटक्यात बंद होऊन पाण्याचा तडाखा मागे येतो, आणि रिलीफ व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. पहिल्या कारणासाठी आरपीझेडच्या आधी एक साधा चेक व्हॉल्व्ह बसवतात, आणि दुसऱ्यासाठी सोलेनॉइडच्या जवळ तडाखा शोषणारे अरेस्टर लावतात. आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. आरपीझेड बसवल्यावर इमारतीतले पाणी मागे सरकू शकत नाही. गीझरमध्ये तापून फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, दाब वाढतो, आणि मग गीझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह गळू लागतो किंवा नळांचे वॉशर लवकर जातात. अशा ठिकाणी प्रसरण टाकी बसवणे आवश्यक असते.

दुरुस्ती करताना आधी बाहेरचा कॉक बंद करावा, मग आतला, म्हणजे साधनात पाणी येते तिथला, आणि चाचणी-कॉक उघडून अडकलेला दाब सोडल्याशिवाय झाकणाच्या बोल्टला पाना लावू नये. आतली स्प्रिंग दाबलेली असते. रबरी चकती उलटी करून पुन्हा वापरण्याची सवय मी अनेकांत पाहिली आहे, ती सोडावी. चकती, ओ-रिंग आणि पडदा हे त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या संचातले नवे घालावेत; सीटवर ओरखडा असेल तर नवी चकतीही गळेल, म्हणून सीटवरून बोटाचे नख फिरवून पाहावे. वंगण लावायचेच असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेले, आणि अगदी थोडे. पाणी पुन्हा सोडताना आतला कॉक सावकाश उघडावा. झटक्याने उघडला तर स्प्रिंग आपटते आणि नळीतला सगळा गाळ पुन्हा त्याच सीटवर येऊन बसतो. त्यानंतर दाबांतला फरक मोजणाऱ्या गेजने प्रमाणित व्यक्तीकडून चाचणी करून घ्यावी. दुरुस्तीनंतर टपकणे थांबले, एवढ्याने साधन काम करते आहे असे सिद्ध होत नाही, कारण अडकून बंद राहिलेला रिलीफ व्हॉल्व्हसुद्धा टपकत नाही. दुरुस्ती नसली तरी वर्षातून एकदा ही चाचणी व्हायलाच हवी. साधनाच्या खाली पाणी पडायला मोकळी जागा आणि निचरा असावा, रिलीफचे तोंड जमिनीपासून साधारण ३०० मिलिमीटर वर असावे, आणि ते खड्ड्यात कधीही बसवू नये. खड्ड्यात पाणी साठले की ज्या तोंडाने घाण बाहेर पडायची तेच तोंड त्यात बुडते.

मुख्य नळीवर आरपीझेड आहे म्हणून आत काही पाहण्याची गरज नाही, असेही समजू नये. ते बाहेरच्या जलवाहिनीचे रक्षण करते. आपल्याच मॉप सिंकमधले पाणी आपल्याच भाज्या धुण्याच्या नळाला येऊ नये, याची व्यवस्था प्रत्येक जोडणीवर वेगळी लागते.

मॉप सिंकवरच मी सर्वांत जास्त चुका पाहतो. तिथल्या नळावर हवा आत घेणारा साधा व्हॅक्यूम ब्रेकर असतो. त्यातला हलका तुकडा पाणी वाहताना वर उचलला जातो आणि प्रवाह थांबला की खाली पडून हवेची वाट मोकळी करतो. पुढे कोणीतरी त्या नळाला दुतोंडी जोड लावून एका बाजूला साफसफाईचे रसायन मिसळणारा डिस्पेन्सर बसवतो आणि नळ कायमचा उघडा ठेवतो. आता डिस्पेन्सरचे बटण म्हणजे ब्रेकरच्या पुढचा कॉक झाला; ब्रेकर रात्रंदिवस दाबाखाली राहतो, त्यातला तुकडा वरच चिकटून बसतो, आणि गरज पडेल त्या दिवशी तो पडत नाही. असा ब्रेकर २४ तासांत १२ तासांहून जास्त काळ दाबाखाली ठेवायचा नसतो. डिस्पेन्सरसाठी योग्य संरक्षण असलेली स्वतंत्र नळी घ्यावी, किंवा निदान साठलेला दाब आपोआप सोडणारा जोड लावावा.

शीतपेयाच्या यंत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे घाण पाण्याचा संबंध नसतानाही माणसे आजारी पडतात. एका स्वयंपाकघरातून तक्रार आली होती की सकाळच्या पहिल्या एक-दोन पेल्यांना धातूसारखी चव येते आणि पिणाऱ्याला मळमळते. यंत्राखालच्या सिंकमध्ये निळसर हिरवा डाग होता. कार्बोनेटरच्या (पाण्यात वायू मिसळणाऱ्या भागाच्या) आधीची तांब्याची नळी कापली तेव्हा ती आतून चकचकीत निघाली, जणू कोणी आम्लाने घासली असावी, आणि घडले होते तसेच. कार्बन डायऑक्साइडचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. चेक व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला की वायू मागे सरकतो, पाण्यात मिसळून कार्बोनिक आम्ल होते, आणि ते रात्रभर तांबे विरघळवत राहते. अशा यंत्राच्या आधी दोन चेक व्हॉल्व्ह आणि मध्ये हवेत उघडणारे तोंड असलेले खास साधन लागते. त्या साधनापासून यंत्रापर्यंत तांबे किंवा पितळ अजिबात नको, स्टेनलेस स्टील किंवा अन्नयोग्य प्लॅस्टिकच हवे. त्याचे तोंड पत्र्याच्या मागे लपवू नये, कारण तिथून सुटणारा वायू किंवा पाणी हीच पहिली सूचना असते.

प्री-रिन्सचा, म्हणजे भांडी यंत्रात घालण्याआधी खळखळण्याच्या नळाचा, स्प्रे सिंकच्या काठाखाली लोंबत असेल तर त्याची स्प्रिंग बहुधा सैल झाली आहे; ती बदलावी किंवा वरचा हुक उंच करावा, म्हणजे स्प्रे काठापासून किमान २५ मिलिमीटर वर राहील. याच नळाशी आणखी एक गूढ जोडलेले असते. थंड पाण्याचे नळ कोमट पाणी देऊ लागले, तर लोक गीझर उघडून बसतात. कारण अनेकदा इतकेच असते की प्री-रिन्सचे गरम व थंड दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त स्प्रेचा दांडा सोडलेला असतो, आणि जास्त दाबाचे गरम पाणी त्या नळातूनच थंड नळीत शिरते. हाही उलटा प्रवाहच आहे. नळाच्या दोन्ही पायांत छोटे चेक व्हॉल्व्ह बसवले की तो थांबतो. भांडी धुण्याच्या यंत्राच्या रिन्स नळीवर ब्रेकर आहे ना आणि तो यंत्राच्या सर्वांत उंच फवाऱ्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर वर आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

फ्लोअर सिंक उफाळण्याचे कारण जवळजवळ नक्की चरबी आहे. गर्दीत यंत्र आणि सिंक एकदम रिकामे होतात आणि अरुंद झालेली नळी तेवढे पाणी पेलत नाही. एरवी थोडे पाणी असते म्हणून ती चालते असे वाटते. गरम पाणी आणि साबण ओतून चोकअप काढल्यासारखा वाटतो, पण वितळलेली चरबी पुढे थंड नळीत जाऊन पुन्हा घट्ट बसते, आणि पुढचा चोकअप हाताच्या टप्प्याबाहेर असतो. स्प्रिंगने भोक पाडले तर काही दिवसांची सोय होते. नळीच्या भिंती साफ व्हायला उच्च दाबाच्या पाण्याचे जेटिंग लागते. तीव्र रसायने ओतू नयेत, कारण नंतर ती नळी उघडणाऱ्या माणसाच्या हातावर आणि डोळ्यांत जातात. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातली चरबी अडवणारी टाकी) तपासावा: वर तरंगणारी चरबी आणि तळाचा गाळ मिळून खोलीचा एक चतुर्थांश झाला की तो साफ करण्याची वेळ झालेली असते, मग कॅलेंडर काहीही म्हणो. फरशीतली जी जाळी क्वचित वापरात येते तिच्या खालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतले, पाणी आटते आणि दुर्गंधी वर येते; तिथे दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे.

शेवटी, चाचणी आणि दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवणे परवडत नाही ही अडचण आपल्यालाही येणारच. तेव्हा कोणीतरी आरपीझेडला वळसा घालणारी साधी बायपास नळी सुचवेल. ती घेऊ नये. एक कॉक उघडा राहिला की सगळे संरक्षण संपते. मुख्य नळीवर दोन आरपीझेड समांतर बसवून घ्यावेत, एक उघडून साफ करताना दुसऱ्यातून पाणी चालू ठेवावे, आणि प्रत्येकावर शेवटच्या चाचणीची तारीख लिहिलेली पट्टी बांधावी.